फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर डाऊनलोड होता होता तुटतं, झालंच तर इन्स्टॉल होत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात डिचोलीजवळ गावात राहता, बहिणीच्या लग्नाचे फोटो घरीच एडिट करायचे आहेत. गिम्प या फुकट फोटो एडिटरचं डाऊनलोड दर वेळी शेवटाला येऊन तुटतं. एकदा पूर्ण झालं, तर 'द सेटअप फाइल्स आर करप्टेड' असा मेसेज आला. मग फोटोशॉपची ट्रायल टाकायला गेलात, तिने १८२ क्रमांकाची एरर दिली. लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी. आणि आता मित्र म्हणतोय, क्रॅक घे, म्हणजे पैसे न भरता चालणारी चोरटी कॉपी.

मी फोंड्यात राहतो, स्टुडिओवाल्यांचे कॉम्प्युटर लावून देण्याचं काम करतो. पावसाळ्यात अशा तक्रारी रोज येतात. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही दोन्हींवर एकच औषध घेताय, ते म्हणजे पुन्हा डाऊनलोड.

फोटोशॉपचं आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आटपतं. १८२ म्हणजे सॉफ्टवेअरला लागणाऱ्या किमान गोष्टी तुमच्या मशीनमध्ये नाहीत. फोटोशॉपला कमीत कमी ८ जीबी रॅम आणि ६४ बिटचं विंडोज लागतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट उघडलं की दोन्ही दिसतात. ४ जीबीवर हा विषय सोडून द्या. नेट कितीही चांगलं असलं तरी ही एरर जाणार नाही. (२०५ क्रमांक आला असता तर ती डाऊनलोडची अडचण असती, तेव्हा नेटकडे बघावं लागलं असतं.)

आता गिम्प. इथे फाइलच अर्धवट उतरतेय, याबद्दल मला शंका नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वीज जाते-येते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, त्यामुळे वीज गेल्याचं कळतही नाही. पण राउटर बंद पडतो, परत सुरू व्हायला दोन-चार मिनिटं घेतो, आणि तेवढ्यात ब्राउझरने 'नेटवर्क एरर' म्हणून हात वर केलेले असतात. राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो घ्याच. तोवर डाऊनलोडपुरता मोबाइलचा हॉटस्पॉट वापरा आणि लॅपटॉपचं झाकण मिटू नका, झाकण मिटलं की तो झोपतो आणि डाऊनलोड थांबतं.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे टॉरेंट. हे नाव ऐकून दचकू नका. गिम्पच्या स्वतःच्या साइटवर साध्या लिंकशेजारीच टॉरेंटची अधिकृत लिंक असते. टॉरेंटमध्ये फाइल तुकड्यातुकड्यांनी येते, प्रत्येक तुकडा तपासला जातो, खराब निघाला तर तेवढाच पुन्हा मागवला जातो. वीज दहा वेळा गेली तरी काम राहिलं होतं तिथून पुढे सुरू. गावाकडच्या नेटसाठी यासारखी सोय नाही.

फाइल आली की लगेच डबल क्लिक करू नका. आधी नाव बघा. शेवटी 'सीआरडाऊनलोड' किंवा 'पार्ट' असं काही चिकटलेलं असेल तर ती अर्धवट आहे, नाव बदलून ती पूर्ण होत नाही. मग तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, तपासा. सेव्हन-झिप (झिप फाइली उघडायचं सॉफ्टवेअर) टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करा, 'सीआरसी एसएचए' मध्ये 'एसएचए-२५६' निवडा. ६४ अक्षरांची एक लांब ओळ येईल. गिम्पच्या डाऊनलोडच्या पानावरही तशीच ओळ दिलेली असते. दोन्ही नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवा. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी फाइल डिलीट करा. जुळली, तर फाइल शंभर टक्के बरोबर, आणि यापुढे दोष शोधायचा तो लॅपटॉपमध्ये. नुसत्या या तपासणीने लोकांचे दिवसच्या दिवस वाचलेले मी पाहिलेत.

फाइल बरोबर असूनही इन्स्टॉल अडलं तर सी ड्राइव्हवर जागा आहे का बघा. इन्स्टॉलर आधी टेंप फोल्डरमध्ये, म्हणजे विंडोजच्या तात्पुरत्या फाइलींच्या जागी, सगळं उलगडतो, म्हणून फाइलच्या आकारापेक्षा कितीतरी जास्त जागा मोकळी लागते. १६१८ ही एरर आली तर मागे दुसरं काही इन्स्टॉल होतंय, ते संपू द्या किंवा रीस्टार्ट करा.

एक कारण आपल्या मराठी लोकांना खास नडतं. साखळी गावातल्या एका ग्राहकाकडे फाइल चोख, जागा भरपूर, तरी दर वेळी इन्स्टॉलर मध्येच बंद पडायचा. बघतो तर विंडोजचं युजरनेम देवनागरीत, म्हणजे टेंपच्या पत्त्यातही देवनागरी. काही इन्स्टॉलरना असा पत्ता वाचता येत नाही. इंग्रजी अक्षरांत नवं युजर अकाउंट काढलं आणि त्यातून पहिल्या फटक्यात झालं. तुमचंही नाव मराठीत असेल तर हे करून बघा. सेटअपची फाइलही 'लग्नाचे फोटो' अशा फोल्डरमध्ये न ठेवता थेट सी ड्राइव्हवर, साध्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा.

राहिली गोष्ट क्रॅकची. हात जोडून सांगतो, नको. अँटिव्हायरस बंद करून चालवा, असं जे सांगतात, तिथेच घात असतो. स्टॉप नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, अशाच क्रॅकमधून पसरलं आणि त्याने लोकांचे फोटोच कुलूपबंद केले. बहिणीचं लग्न पुन्हा होणार नाही. 'फ्री डाऊनलोड' म्हणणाऱ्या तिसऱ्याच साइटवरूनही काही घेऊ नका. २०१५ मध्ये सोर्सफोर्जसारख्या नावाजलेल्या साइटवर गिम्पच्याच विंडोज इन्स्टॉलरला जाहिरातींचे प्रोग्रॅम जोडलेले सापडले होते.

मित्राकडून पेनड्राइव्हवर मोठी फाइल आणणार असाल तर पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असल्यास ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात मावत नाही, भले ३२ जीबी रिकामे असोत. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा लागतो. पण त्यात लग्नाचे फोटो असतील तर आधी ते दुसरीकडे कॉपी करा, उघडून बघा, मगच फॉरमॅट.

फोटो लवकर द्यायचे असतील तर तोवर ब्राउझरमध्ये फोटोपिया उघडा. काही इन्स्टॉल करावं लागत नाही, फोटोशॉपच्या फाइलीही त्यात उघडतात. क्रॉप, उजेड, रंग एवढं काम आरामात होतं. ४ जीबी रॅमवर एका वेळी एकच फोटो उघडा आणि बाकीचे टॅब बंद ठेवा. हॅश जुळूनही गिम्प बसलं नाही तर एररचा मजकूर जसाच्या तसा आणि युजरनेम कोणत्या लिपीत आहे ते खाली लिहा, मी बघतो.