मे महिन्यात पन्हाळेकाजीची लेणी एका दिवसात पाहून होतील का?

आपण विचारले आहे की, मे महिन्यात दापोलीला मुक्काम असताना सत्तरीच्या सासूबाई आणि दोन शाळकरी मुले यांना घेऊन पन्हाळेकाजीची लेणी एका दिवसात पाहता येतील का, आणि त्यात फार दमछाक होईल का. पाहता येतील, मात्र सर्वच्या सर्व 29 लेणी पाहण्याचा हट्ट धरलात तर दमछाक निश्चित आहे. मी चिपळूणचा, म्हणजे कोकणच्या उन्हाची सवय असलेला माणूस. तरीही दोन वर्षांपूर्वी मेच्या दुसऱ्या आठवड्यात पत्नी, मुलगा आणि गुडघेदुखीने त्रस्त असलेली माझी आत्या यांच्यासह गेलो तेव्हा चौघांचीही पुरती दैना झाली, आणि त्यात दोष उन्हापेक्षा माझ्या आखणीचा अधिक होता.

सकाळी निवांत घावणे खाऊन निघालो आणि वाकवलीवरून आत वळून लेण्यांपाशी पोहोचेपर्यंत साडेअकरा वाजले. गाव कोटजाई नदीच्या खोऱ्यात खाली वसले आहे आणि त्या दिवशी तेथे झाडाचे पानही हलत नव्हते. किनारपट्टीवर पारा तेहतीस-चौतीसच्या पुढे सहसा जात नाही, म्हणून देशावरची मंडळी आपला उन्हाळा सौम्य समजतात. पण हवेतच इतके बाष्प असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. त्यात लेण्यांचा कातळ सकाळपासून तापलेला, त्यामुळे वरून ऊन आणि बाजूने दगडाची धग, असा दुहेरी मारा होतो.

मी पहिल्या क्रमांकापासून ओळीने सुरुवात केली, ही दुसरी चूक. अनेक खोल्या साध्या, झिजलेल्या आहेत. अभ्यासकाला त्या मोलाच्या वाटतील, परंतु घामाघूम झालेल्या दहा वर्षांच्या मुलाला सातव्या लेण्यात काय दाखवावे, हे मला सुचेना. दहाव्या लेण्यात वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथातील महाचंडरोषण या देवतेची मूर्ती आहे, आणि तिच्यामुळे या जागेचे वेगळेपण ध्यानात येते : येथे आधी हीनयान या जुन्या पंथाचे बौद्ध होते, मग वज्रयानी आले, कोकणच्या शिलाहार राजांच्या काळात शैव आले आणि शेवटी नाथपंथी. सुमारे तिसऱ्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंत एकाच कातळात हे चालले होते. येथे सापडलेल्या 1139 सालच्या ताम्रपटात या गावाचे नाव प्रणालक असे आहे. हे सारे मी मोठ्या उत्साहाने सांगत असताना मागे वळून पाहिले, तर आत्या पायरीवर डोके धरून बसली होती.

तिला घेरी आली होती. मिठा-साखरेचे पाणी पाजून, हाताला धरून आम्ही तिला एकोणिसाव्या लेण्याच्या सावलीत नेले. तेथे शिवलिंग आहे. त्यामुळे "महादेवाकडे पाय नकोत रे," असे म्हणत ती त्याही अवस्थेत कूस बदलून, पाय दाराकडे करून गार फरशीवर आडवी झाली. दहा मिनिटांनी तिने हाक मारली : "अरे, वर बघ, हे तर रामायण आहे!" त्या छतावर रामायण, महाभारत आणि कृष्णकथा यांतील प्रसंग कोरलेले आहेत, आणि मी शिवलिंग पाहून, छायाचित्र काढून बाहेर पडण्याच्या बेतात होतो. मग आम्ही तिघेही तिच्या शेजारी आडवे झालो. त्या दिवसातील सर्वांत चांगला अर्धा तास तोच.

एकोणतिसावे लेणे, ज्याला गौर लेणे म्हणतात, बाकीच्यांपासून अंतरावर आहे. तेथे नाथ सिद्धांच्या लहान लहान मूर्ती आहेत, असे मी घरी परतल्यावर वाचले, कारण त्या दिवशी तिथवर चालण्याचे त्राण कोणातही उरले नव्हते. मला ते पुढच्या डिसेंबरमध्ये पाहता आले.

म्हणून आपल्याला माझे सांगणे असे की, दापोलीहून सकाळी साडेसहाला निघावे आणि क्रमांकांच्या नादी न लागता दहावे, नाथपंथाशी संबंधित असलेले चौदावे आणि एकोणिसावे अशी तीनच लेणी सावकाश पाहावीत. अंगात जोर असेल तरच एकोणतिसाव्याचा विचार करावा, आणि तेही एकट्याने; सासूबाई व मुलांना तोपर्यंत सावलीत बसवावे. माणशी दोन लिटर पाणी, चिमूटभर मीठ घातलेले कोकम सरबत आणि जेवणाचा डबा बरोबर असू द्यावा, कारण आम्हाला तेथे काहीच मिळाले नव्हते. एक सतरंजीही घ्यावी. अकराच्या आत गाडीत बसलात तर दुपारचे जेवण दापोलीत होईल आणि सासूबाई संध्याकाळी मुरूडच्या समुद्रावरही येतील.