चित्रपट सुरू होण्याआधीच बंद झाला, आता बायोडेटात काय लिहू?

प्रश्न : मॅडम, पदवीनंतर एका चित्रपटाच्या कला विभागात कन्सेप्ट आर्टिस्ट म्हणून मला पहिलंच काम मिळालं. आठ महिने आम्ही भर समुद्रातल्या एका दीपगृहाच्या सेटवर काम करत होतो. शूटिंगला पाच आठवडे उरले असताना स्टुडिओने सगळ्यांना बोलावून चित्रपट रद्द केल्याचं सांगितलं. आमचं काम कमी पडलं का? बाबा म्हणतात, पडद्यावर नाव आलं नाही म्हणजे आठ महिने पाण्यात गेले. हे क्षेत्र सोडू का? सोबत माझी काही चित्रं जोडली आहेत.

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. चित्रं मात्र उघडली नाहीत, त्याचं कारण पुढे सांगते. आधी तुला सर्वांत जास्त टोचणारा प्रश्न घेऊ. आठ महिन्यांत तुमच्या विभागाचं काम नापसंत असतं, तर विभागप्रमुख बदलले असते, आराखडे परत आले असते. त्यासाठी कुणी अख्खा चित्रपट गुंडाळत नाही.

स्टुडिओचा हिशेब कसा चालतो ते पाहा. पटकथा, रेखाटनं, जागांची पाहणी यांवर होणारा खर्च एकूण खर्चाच्या मानाने थोडा असतो. सेट उभे राहिले आणि कॅमेरा सुरू झाला की दिवसागणिक पैसा जळायला लागतो आणि मधेच थांबणं फार महाग पडतं. पुढे जाहिरात आणि वितरणाचा खर्च वेगळाच. म्हणून मनात शंका असेल तर माघार घ्यायची शेवटची स्वस्त वेळ म्हणजे शूटिंगच्या आधीचे काही आठवडे. तुमचा चित्रपट नेमका तिथेच थांबला.

नावाजलेल्या लोकांनाही हे चुकलेलं नाही. मेक्सिकन दिग्दर्शक गिलेर्मो डेल टोरोने भयकथालेखक लव्हक्राफ्टच्या कादंबरीवरच्या एका भयपटाचा ध्यास कित्येक वर्षं घेतला होता. जेम्स कॅमेरॉन निर्माता, टॉम क्रूझचं नाव नायक म्हणून जोडलेलं, राक्षसांची रेखाटनं तयार. खर्च सुमारे 15 कोटी डॉलर. पण भीती सौम्य करायला डेल टोरो तयार नव्हता, त्याला ‘आर’ प्रमाणपत्राची मुभा हवी होती. या प्रमाणपत्रामुळे 17 वर्षांखालच्या मुलांना एकट्याने चित्रपट बघता येत नाही, म्हणजे प्रेक्षकांचा मोठा गट कमी होतो. एवढा खर्च आणि तेवढा प्रेक्षक यांचं गणित बसेना, आणि 2011मध्ये युनिव्हर्सलने नकार दिला. रेखाटनांत खोट होती म्हणून नव्हे. 2018मध्ये याच माणसाला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं.

तुझ्या कामाच्या जवळचं उदाहरण आणखी जुनं आहे. 1970च्या दशकात दिग्दर्शक आलेहांद्रो होदोरोव्स्कीने ‘ड्यून’ या विज्ञान कादंबरीवरच्या चित्रपटाची तयारी केली होती. मोबियस या फ्रेंच चित्रकाराने काढलेल्या दृश्यांचा एक जाडजूड ग्रंथच स्टुडिओंना दाखवला गेला, पण पैसे लावायला कुणी पुढे आलं नाही. चित्रपट कधीच झाला नाही. मात्र मोबियस, एच. आर. गीगर आणि ख्रिस फॉस हे चित्रकार आणि लेखक डॅन ओबॅनन ही त्याच तयारीतली माणसं पुढे 1979च्या ‘एलियन’ या चित्रपटासाठी एकत्र आली. बाबांना हे जरूर सांग. चित्रपट बंद पडला तरी त्यावर काम केलेली माणसं एकमेकांना विसरत नाहीत, आणि या धंद्यात पुढचं काम बहुतेक वेळा अशाच ओळखीतून येतं.

तू दीपगृहाच्या गोल जिन्याबद्दल लिहिलं आहेस. डीओपी, म्हणजे छायाचित्रण दिग्दर्शक, म्हणाले, कॅमेरा वळणार नाही. मग तू पायऱ्यांची रुंदी वाढवलीस, मधला खांब पोकळ केलास, एका बाजूची भिंत सरकती ठेवलीस. पत्रात हे तू तक्रारीच्या सुरात, अकरा वेळा काढावं लागलं म्हणून लिहिलंस. माझ्या दृष्टीने तीच तुझी आठ महिन्यांची कमाई आहे. चित्र छान काढणारे पुष्कळ असतात. सुताराला बांधता येईल आणि कॅमेऱ्याला फिरता येईल असं चित्र काढायला तू शिकलीस. मुलाखतीत हेच सांग.

आता जोडलेल्या चित्रांविषयी. अशा नोकरीत काढलेल्या चित्रांचे हक्क सहसा स्टुडिओकडे जातात, आणि गोपनीयतेची अट चित्रपट रद्द झाल्यावरही टिकून राहू शकते. म्हणून लेखी परवानगीशिवाय ती कुणालाही पाठवू नकोस, मलासुद्धा नाही. बायोडेटात तुझं पद, कालावधी आणि ‘प्री-प्रॉडक्शनमध्ये (शूटिंगआधीच्या तयारीत) रद्द’ एवढं स्वच्छ लिही. चित्रपटाचं नाव घालायचं की नाही ते करारपत्र पाहून ठरव. पोर्टफोलिओसाठी वेगळ्याच कथेतला, पूर्ण तुझा असा एखादा जिना नव्याने काढ.

बाबांची काळजी मात्र खोटी नाही. मोठ्या कलाकारांच्या करारात चित्रपट झाला नाही तरी पैसे देण्याचं कलम असू शकतं. नवख्या मुलीच्या करारात ते आपोआप येत नाही. पुढचं काम घेताना चित्रपट करायला स्टुडिओचा हिरवा कंदील मिळाला आहे की अजून नुसती कल्पनेची जुळवाजुळव चालू आहे, हे विचार. काम मधेच थांबलं तर किती दिवस आधी कळवणार आणि काय देणार, हे कागदावर घे. विचारायला लाजू नकोस, अनुभवी लोक पहिल्याच भेटीत विचारतात. आणि तीन-चार महिन्यांचा खर्च शिल्लक असल्याशिवाय दोन कामांमधला मोकळा काळ अंगावर घेऊ नकोस. तोवर गेम, ॲनिमेशन किंवा जाहिरातीतलं काम घेतलंस तर त्यात कमीपणा नाही.

चित्रपट पुन्हा सुरू होईल या आशेवर मात्र थांबू नकोस. होतंही तसं: ‘द लोन रेंजर’ डिस्नेने 2011मध्ये खर्चामुळे थांबवला, काटछाट करून पुन्हा घेतला आणि तो 2013मध्ये आला. पण असा निरोप आला तर तू दुसऱ्या कामावर असतानाही येईल.

क्षेत्र सोडायचं का, हे आज ठरवू नकोस. आणखी दोन कामं करून मग बघ. आज तुमच्या कला दिग्दर्शकांना एक छोटा मेल कर. थकलेलं मानधन असेल तर त्याची तारीख विचार, कोणती चित्रं दाखवायला परवानगी मिळेल ते विचार, आणि त्यांच्या पुढच्या कामात जागा असेल तर कळवा असं लिही. त्यांचंही काम गेलंय, तेव्हा सुरुवात त्यांच्या विचारपूशीने कर.