डेव्हिड सुशेचा 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' मूळ कादंबरीपेक्षा इतका उदास का वाटतो?

कारण २०१० च्या या टीव्ही चित्रपटाला खुनी कोण यापेक्षा गुप्तहेर पॉयरोच्या (ही भूमिका सुशेची) मनाचं काय होतं यात जास्त रस आहे.

अगाथा ख्रिस्तीच्या १९३४ च्या कादंबरीत शेवट पटकन उरकतो. पॉयरो दोन उलगडे मांडतो, एक निवडला जातो आणि तो बाजूला होतो. सुशेच्या पॉयरोला ते इतकं सोपं जात नाही. तो संतापतो, आरडाओरडा करतो. शेवटी बर्फातून एकटा चालत जातो. हातात जपमाळ, डोळ्यांत पाणी. (खून कसा झाला ते मुद्दाम सांगत नाही, अजून न वाचलेले लोक असतात!)

याची तयारी पहिल्याच प्रसंगात आहे. पॉयरो एका लष्करी अधिकाऱ्याचं खोटं उघडं पाडतो आणि तो अधिकारी तिथेच स्वतःवर गोळी झाडतो. कादंबरीत एका अधिकाऱ्याच्या आत्महत्येचा फक्त ओझरता उल्लेख आहे. पुढे इस्तंबूलमध्ये जमाव एका बाईला दगडांनी मारतो, तो प्रसंग मात्र कादंबरीत नाहीच. मला तो जरा ओढूनताणून आणल्यासारखा वाटला.

ओरिएंट एक्स्प्रेस ही रेल्वेगाडी बर्फात अडकल्यावर डब्यातली ऊबही जाते, सगळे कुडकुडत बसतात. याच कादंबरीवरच्या १९७४ च्या चित्रपटातला थाटमाट इथे शोधू नका. आधी कादंबरी वाचा, मग हा बघा.