चिठ्ठी फडताळात ठेवू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि सात वर्षांमागचं आमचं घर डोळ्यांपुढं आलं. तुमच्या आईंची गावातल्या शिबिरात तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी झाली, हातात कन्नड चिठ्ठी दिली, 'कळवू' म्हणाले आणि दोन महिने कुणी कळवलं नाही. मग असल्या शिबिरांचा उपयोग तरी काय, असं तुम्ही विचारलंय. उपयोग आहे. पण आधी ती चिठ्ठी शोधा.

माझी आई कर्नाटकातल्या निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती, मिसरी (भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावायची) तर लग्नाआधीपासूनची. शिबिरात तिला गालातल्या पांढऱ्या चट्ट्याबद्दल सांगितलं होतं की नाही, यावर आमच्या घरात आजही वाद होतो. घरात कन्नड वाचणारा पुतण्या एकटा, तो तेव्हा बेळगावला वसतिगृहात. आम्ही म्हटलं, काही असतं तर फोन आला असता. चिठ्ठी गेली फडताळात, रेशन कार्डाच्या पिशवीत. घोडचूक झाली ती इथं.

गणपतीला पुतण्या आला, त्यानं सहज वाचलं: 'पुढील तपासणीसाठी पाठवले आहे.' चौकशी करायची तिथं गेलो (नाव घेत नाही, अजून आईची औषधं तिथूनच आणतो), तर यादीत आईचं नावच नाही. कन्नडात अर्ज द्या म्हणाले, दिला. साहेब मीटिंगला गेलेत म्हणाले, परत आलो. चौथ्या खेपेला एका आशाताईंनी माझ्यासमोर यादीवर बोट फिरवत नाव शोधून काढलं. आडनाव भलतंच उतरवलेलं, फोन नंबरातला एक आकडा गळालेला. ते लोक फोन करणार तरी कुणाला?

शिबिरापासून मोजले तर सात महिने गेले. तोवर चट्ट्याची जखम झाली होती. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) दिला. आई आहे, पण तोंड दोन बोटंच उघडतं, भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागते. सात महिने आधी आलो असतो तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही.

मी डॉक्टर नाही, नंतर वाचून वाचून जे कळलं तेवढंच सांगतो. तिरुवनंतपुरममध्ये साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांची तोंडं तपासली. 2005 साली आलेल्या निष्कर्षात तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी दिसले. व्यसन नसलेल्यांत तसा फायदा दिसला नाही. म्हणजे वखारीतल्या, मिसरी लावणाऱ्या बायकांनी आधी तोंड दाखवायला हवं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं म्हणाल तर आपल्या उस्मानाबादचाच (आताचं धाराशिव) अभ्यास आहे, 2009 साली छापून आलेला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं (ज्या विषाणूमुळं हा कर्करोग होतो, तो शोधणारी चाचणी) मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. या दोन्ही ठिकाणी तपासणीत काही सापडलेल्या माणसाला पुढं पाठवायची सोय होती. आपल्याकडं शिबिराचा फोटो छापून येतो, पुढं पाठवलेल्यांतले किती पोचले ते कोण विचारतो? (2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांत गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या दोनसुद्धा नव्हत्या. त्यातही अशी गळती!)

आणि हो, भावानं 'फुल बॉडी' तपासणीचं पॅकेज घ्यायला सांगितलं असेल तर पैसे वाचवा. काही त्रास नसताना रक्तातले ट्यूमर मार्कर (कर्करोगाची खूण म्हणून बघतात ते घटक) तपासून घेणं हा माझ्या मते धंदा आहे. तोंड बघायला चांगला उजेड आणि जाणकार डोळे लागतात.

खर्चाचंही बघून ठेवा. कर्नाटकाचं आरोग्य कार्ड असेलच, शिवाय सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले योजना लागू करायचा निर्णय महाराष्ट्रानं 2023 मध्ये घेतलाय. कोल्हापूरला न्यायचं ठरलं तर दवाखान्यात गावाचं नाव सांगून आधी विचारा, कागद काय लागतात ते तिथंच लिहून घ्या.

चिठ्ठी सापडली की शेजारच्या कन्नड शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या आणि फोटो काढून ठेवा. नाही सापडली तरी थांबू नका, आईंना थेट दंतवैद्याकडं किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं न्या आणि मिसरीचं आधी सांगा. आई स्वतःहून सांगणार नाहीत, आमचीनं तीन डॉक्टरांपासून लपवलं होतं.