रात्री टाकी किती उतरते?

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी बाजारात होतो, नीट बोलणं झालं नाही. तुझ्या आवाजातली काळजी मात्र मनात राहिली, म्हणून सविस्तर लिहितो. तुझ्या पहिल्याच गावात नळयोजनेवर सौर पॅनेल बसले, फीत कापून झाली आणि तीन महिन्यांनी सरपंच विचारतात, "मॅडम, विजेचं बिल जवळपास तेवढंच येतंय, वरच्या आळीला पाणी चढत नाही, मग केलं काय?" तू म्हणालीस, काका, कागदावर तर सगळं बरोबर आहे.

कागद राहू दे. त्या गावात एक रात्र मुक्काम कर.

मी गाव पाहिलेलं नाही, तरी अंदाज सांगतो. पंप चालवणारा माणूस अजूनही पहाटे चारलाच स्टार्टर दाबत असणार. वर्षानुवर्षं शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतपंपांच्या वीजवाहिनीवर, थ्री फेज पाळीने आली, कधी दिवसा, कधी रात्री. लाईट आली की भरून घ्यायचं हे त्याच्या अंगवळणी पडलंय. गावाला सहाला पाणी सोडायचं, आणि पहाटे बघावं तर टाकीत तळाला हातभर पाणी, म्हणून तो चारला उठतो. ऊन पॅनेलवर चढतं दहा-अकराला. तेव्हा पंप बंद असतो. नेट मीटर, म्हणजे जादा सौर वीज बिलातून वजा करणारा मीटर, बसलेला नसेल तर त्या उन्हाची वीज कुठेच जात नाही. आपल्याकडे एक किलोवॉटचा पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट देतो. तुझे १० किलोवॉट म्हणजे रोजचे ४० युनिट हवेत गेले.

यात त्या माणसाला दोष देऊ नकोस. दुपारी टाकी भरून ठेवली तर ती सकाळपर्यंत टिकायला हवी, आणि ती टिकत नाही हे त्याला तुझ्याआधीपासून ठाऊक आहे. म्हणून रात्रीचा मुक्काम. रात्री एकला टाकीवर चढ. पंप बंद, गावातले नळ बंद, टाकीतून गावाकडे जाणारा व्हॉल्व्ह मात्र उघडा ठेव. काठीने पाण्याची खोली मोज आणि चारला पुन्हा मोज. समजा टाकी ६ मीटर व्यासाची आहे आणि पाणी ४० सेंटिमीटर उतरलं, तर तीन तासांत ११,००० लिटरहून जास्त पाणी जमिनीत गेलं. २०१९ ला जलजीवन मिशन आलं तेव्हा माणशी रोज ५५ लिटर ठरले. त्या हिशोबाने हे २०० माणसांचं दिवसभराचं पाणी, तेही फक्त तीन तासांचं. सौरयोजनेत पाण्याची टाकी हीच खरी बॅटरी असते, आणि ती गळकी असेल तर वर कितीही पॅनेल लाव, सूर्य मावळला की तुझी वीज पाइपाच्या सांध्यांतून झिरपून जाते.

दुसऱ्या दिवशी पंप तपास. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. एक युनिट वीज शास्त्राप्रमाणे एक घनमीटर पाणी ३६७ मीटर उचलू शकते, एवढं एक सूत्र डोक्यात असू दे. गावाकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद कर, तासभर पंप चालव, टाकी किती चढली ते बघ आणि वीजमीटरचा आकडा आधी-नंतर लिहून घे. त्याच टाकीत तासाला ३० सेंटिमीटर चढले तर साधारण साडेआठ घनमीटर पाणी आलं. विहिरीतल्या पाण्यापासून टाकीपर्यंतची उंची ६० मीटर धरली तर शास्त्राने १.४ युनिट लागायला हवे होते. पंप-मोटार आणि पाइपातला घाटा धरून चांगल्या पंपाला ३ युनिट पुरतात. मीटरवर ६ दिसले तर समज, इंपेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चाक, झिजलाय, किंवा पंप त्या उंचीसाठी निवडलेलाच नाही, किंवा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाची झडप, तुंबलाय. असल्या पंपाला सौर पॅनेल जोडणं म्हणजे फुटक्या माठाला चांदीची झाकणी. नवा पंप काही हजारांत येतो, जादा पॅनेल लाखांत. तरीही अंदाजपत्रकात पॅनेल आधी येतात, कारण ते रस्त्यावरून दिसतात. हे बदलणं तुझ्या हातात आहे, आणि त्यासाठी भांडावं लागलं तर भांड.

आता जे सांगतोय ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. नोकरीच्या सातव्या वर्षी मी एक योजना पूर्ण केली. नाल्याखालून जाणाऱ्या पाइपाच्या सांध्यातून थोडी गळती होती. मला दिसली होती. दुरुस्ती पुढच्या अंदाजपत्रकात धरू म्हणून मी ती सोडली. पावसाळ्यात डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाला आणि तीन दिवस गावात वीज नव्हती. पाइप रिकामा झाला की तो आत ओढतो, बाहेर जे असेल ते. वीज आल्यावर पहिलं पाणी वॉशआउटमधून, म्हणजे पाइप धुऊन काढायच्या तोंडातून, सोडून द्यायला मी कुणाला शिकवलं नव्हतं, ते सरळ नळाला गेलं. चाळीसेक माणसं गॅस्ट्रोने आजारी पडली. एक आजी वाचल्या नाहीत. त्यांच्या ओट्यावर बसून आदल्याच महिन्यात मी चहा घेतला होता. त्यानंतर वीज गेली की पंपाच्या आधी मला पाइप आठवायचा.

म्हणून क्लोरीनकडे पाठ फिरवू नकोस. सौर पंपाने पाणी वर चढतं, निर्जंतुक होत नाही. जलसुरक्षकाबरोबर, म्हणजे गावचं पाणी तपासणाऱ्या माणसाबरोबर, शेवटच्या नळापर्यंत चालत जा, ज्या घरानंतर पाइप संपतो तिथपर्यंत. नळाखाली नळी धर, ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या रसायनाचे, थेंब टाक. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. टाकीशेजारच्या नळाला गडद पिवळं आणि शेवटच्या नळाला पांढरं स्वच्छ, असं मी शेकडो वेळा पाहिलंय, आणि वहीत मात्र टाकीजवळचीच नोंद असते. टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचं, पोतं कुठे ठेवलंय तेही बघ. पंपघरात, उघड्या तोंडाने, स्टार्टरच्या शेजारी असेल तर दोन्हींचं नुकसान. पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि त्याच्या वाफेने स्टार्टरच्या बोर्डाचे संपर्कबिंदू हिरवे पडतात. पावडर वेगळ्या खोलीत, झाकणाच्या ड्रममध्ये हलव. फ्लोराइड आणि नायट्रेटची गोष्ट वेगळी आहे, ते क्लोरीनने जात नाहीत आणि उकळूनही जात नाहीत. बोअर नवी असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल हातात आल्याशिवाय नळ सोडू नकोस.

तू फोनवर विचारलंस, आपण पाण्याचे इंजिनिअर, विजेच्या भानगडीत का पडायचं. पोरी, या दोन गोष्टी मराठवाड्याने एकत्रच भोगल्या आहेत. २०१३ च्या फेब्रुवारीत परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, थंड करायला आणि वाफेला पाणी नव्हतं. तीन वर्षांनी मांजरा धरण कोरडं पडलं आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. पाण्यावाचून वीज अडते, विजेवाचून पाणी. पॅनेलला वाफेसाठी पाणी लागत नाही, पुसण्यापुरतं लागतं. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मला दुष्काळी भागात सौरऊर्जा हवी आहे, मनापासून हवी आहे.

२०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर जाणारी माणसं होती. साप चावलेला एक पंपवाला मी दवाखान्यात नेलेला आहे. शेतीचा फीडर दिवसा सूर्यावर चालला तर ही रात्रपाळी संपते. पण दिवसाची, जवळजवळ फुकटची वीज मिळाली की बोअर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतात, हेही डोळ्यांनी बघ. तुझ्या योजनेच्या विहिरीभोवती किती बोअर आहेत, त्यांचा नकाशा कर आणि दर महिन्याला विहिरीची पातळी लिही. पाणीच खाली गेलं तर पंपाची पाणी उचलायची उंची वाढते आणि वरचं सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं.

वाड्यावस्त्यांवरची दुहेरी पंप योजना मात्र मला फार आवडते. एकाच बोअरवर हातपंपही आणि छोटा सौर पंपही, शेजारी ५,००० लिटरची टाकी. आभाळ आलं, कंट्रोलर बिघडला, तरी बाई हातपंप मारून हंडा भरू शकते. ज्या योजनेत बिघाडाच्या दिवसाची सोय आधीच केलेली असते ती मला पसंत. तुझ्या गावातही जुना वीजपुरवठा तोडू नकोस. ती जोडणी पावसाळ्यासाठी राहू दे.

पैशाचं थोडक्यात. थकबाकीमुळे जोडणी तोडली गेली की गाव पुन्हा डबक्यावर जातं. वाचलेल्या बिलातला वाटा पंप चालवणाऱ्याच्या मानधनाला जावा, असा ठराव ग्रामसभेत करून घे. ज्याला पाच-सहा महिने पैसे मिळत नाहीत तो दुपारी उन्हात पॅनेल पुसायला का चढेल? पाणीपट्टीसाठी मीटर लावायचे असतील तर आधी कराडजवळच्या मलकापूरला जाऊन ये. तिथे मीटर आहेत आणि चोवीस तास पाणी आहे. सरपंच आणि दोन-तीन बायकांना बरोबर ने. पुरुष टाकी बघतील, बायका तिथल्या घरात जाऊन विचारतील की साठवणीची पिंपं अजून ठेवता का. उत्तर त्यातच मिळेल.

आता तू लगेच मोठा अहवाल लिहायला बसशील, ते करू नकोस. या आठवड्यात रात्रीची मोजणी, पंपाची मोजणी आणि शेवटच्या नळाची ओटी, एवढंच. टाकीचा व्यास आतून मोज, बाहेरून मोजला की भिंतीची जाडी धरली जाते. शिडी जुनी असेल तर एकटी चढू नकोस, पंपवाल्याला खाली उभं कर. आकडे मला फोनवर फोटो काढून पाठव, मी इकडे वही घेऊन बसतो.

तुझा,
काका