दत्तक बाळाला घेऊन अमेरिकेला परतताना प्रवासाची काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत राहता, जानेवारीत भारतात येऊन दहा महिन्यांची मुलगी घेऊन जाणार आहात, तर सामान काय घ्यावं, सुट्टी किती काढावी आणि विमानात पंधरा-सोळा तास कसे काढावेत. आधीच्या तिन्ही उत्तरांत स्ट्रोलर कुठला घ्यावा हेच आहे. मी इथे नुसता वाचणारा माणूस, पण ह्या विषयावरून आमच्या घरात 2023 च्या डिसेंबरपासून एक भांडण अर्धवट पडलंय, म्हणून लिहायला बसलो.

मी अशाच एका दत्तक मुलीचा मामा आहे. ताई आणि जीजाजी (जीजाजी म्हटलं की पुण्याचे लोक हसतात, हसू द्या, इंदुरात आम्ही मराठी लोकही तेच म्हणतो) तुमच्यासारखेच जर्सीत. कारा (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था), होम स्टडी (तुमच्या घराची चौकशी), एनओसी (ना-हरकत पत्र), कलेक्टरची ऑर्डर हे सगळं तुम्हाला माहीतच असणार, त्याशिवाय इथवर पोचला नसतात. पूर्वी कोर्टात जावं लागायचं, सप्टेंबर 2022 पासून ऑर्डर जिल्हाधिकारी देतात, तेवढा एक ताप कमी झालाय. आमची छकुली निमाडच्या बाजूच्या एका संस्थेत होती, आमच्या रामबागेतल्या घरापासून गाडीने साडेचार तास. तिचा पासपोर्ट हातात आल्यावरच तिला घ्यायला गेलो. त्या रात्री इंदूर, दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्लीची गाडी, कारण अमेरिकेच्या व्हिसाचं काम दिल्लीच्या एम्बसीत होतं.

आता मुद्दा. संस्थेत आम्ही दीड तास होतो. त्यातला सव्वा तास जीजाजी फाईल तपासत होते, प्रत्येक कागदाचा फोटो, प्रत्येक पानावरचं स्पेलिंग. चांगलंच आहे, करायलाच हवं. पण छकुलीला जन्मापासून सांभाळणारी आया दारात उभी होती, पन्नाशीची बाई, खांद्यावर छकुलीचं लंगोट तसंच राहिलेलं, आणि तिला काहीतरी सांगायचं होतं. मी जवळ गेलो तर म्हणाली, "भैया, इसकी बोतल मत बदलना, निप्पल का छेद मैंने सुई गरम करके बड़ा किया है." आणखी म्हणाली की ही ट्यूबलाईट चालू असली तरच झोपते, आणि पाठीवर थापटायचं तर दोन जोरात, एक हळू. मी म्हटलं जीजाजी, आज रात्र इथेच लॉज घेऊ, उद्या दिवसभर ताई ह्या बाईंजवळ बसेल, दोन-तीन बाटल्या त्यांच्यासमोर तयार करेल, मग निघू. जीजाजी म्हणाले, "अरे, अंधाराच्या आत भेरूघाट पार करायचाय, आणि हा इमोशनल ड्रामा वाढवू नकोस, बाळाला पण त्रास होतो." ड्रामा. हा शब्द माझ्या डोक्यात अजून आहे.

निघालो. ती बाटली ताईने गाडीतच बाजूला काढली कारण तळाशी पिवळी पडली होती, अमेरिकेतून आणलेल्या पाच बाटल्या बॅगेत होत्याच. रात्री घरी आमच्या हिने दूध करून दिलं, आमची दोन पोरं डब्याच्याच दुधावर वाढलीत, तिला हे झोपेत जमतं. छकुली प्यायली, झोपली, सकाळी पोह्यातला बटाटा कुस्करून दिला तर तोही खाल्ला. जीजाजी म्हणाले, बघ, काही प्रॉब्लेम नाही.

ट्रेनमध्ये दुधाचं खातं जीजाजींनी घेतलं. हौसेने घेतलं, ते मान्य. पावडर मोजून तीन खणांच्या एका प्लास्टिक डबीत भरून ठेवली होती, केशरी झाकणाची, थर्मासमध्ये उकळलेलं पाणी, सगळं एकदम टापटीप. पावडरचा मूळ डबा मात्र मोठ्या सुटकेसमध्ये, आणि सुटकेस बर्थच्या खाली साखळीने बांधलेली.

उज्जैन गेलं, नागदा गेलं, तोवर ठीक. कोट्याच्या अलीकडे तिने रडायला सुरुवात केली ती काही थांबेना. बाटली दिली की अधाशासारखी तुटून पडायची, अर्धी प्यायची, दमायची, पुन्हा रडायची. थर्ड एसीचा डबा, सगळे जागे. एक काका म्हणाले नजर लागली, वरच्या बर्थवरचा मुलगा म्हणाला गॅस असेल. जीजाजींनी शांतपणे सांगितलं की हा अटॅचमेंटचा इश्यू आहे, ट्रेनिंगमध्ये सांगितलंच होतं, पहिले काही दिवस मूल आईला स्वीकारत नाही. आणि ताईने ते ऐकलं. चाळिशी ओलांडलेली माझी बहीण, चार वर्षं ह्या एका फोनची वाट पाहिलेली, ती खिडकीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, "तिला मी नकोय रे." दोन तास ती हे धरून बसली होती.

कोटा मागे पडल्यावर समोरच्या बर्थवरच्या मथुरेच्या एक आजी उठल्या. काही बोलल्या नाहीत, बाटली मागितली, तळहातावर चार थेंब पाडले, चाटले आणि म्हणाल्या, "बेटा, इसमें दूध कहाँ है?" मी तसाच दारापाशी जाऊन घरी फोन लावला. ही झोपेतून उठली.

"किती चमचे टाकताय?"

"तीन."

"पाणी किती?"

"एकशेऐंशी."

दोन सेकंद काहीच नाही, मग, "अहो, सहा!"

तर झालं होतं असं. आपल्याकडच्या पावडरच्या डब्यात जो चमचा असतो तो साधारणपणे 30 मिलीला एक. अमेरिकेतल्या डब्यातला चमचा मोठा, तो दोन औंसाला म्हणजे 60 मिलीला एक. जीजाजींनी तिकडे शिकलेला हिशोब इकडच्या चमच्याला लावला. सहा औंस पाणी, तीन चमचे. म्हणजे पोरगी संध्याकाळपासून अर्धं पाणी पीत होती, त्यात नवीन बाटलीच्या निपलचं भोक बारीक, म्हणजे जे होतं तेही ओढता ओढता जीव जायचा. डबीतले दोन खण एकत्र केले, आजींनी स्वतःच्या सेफ्टीपिनेने काडेपेटीवर गरम करून निपलचं भोक मोठं केलं (एसी डब्यात काडी ओढू नये हे मलाही कळतं, पण तुम्ही तिथे नव्हता). पाच मिनिटांत बाटली रिकामी. मग ताईने डोक्यावरचा दिवा लावून ठेवला, पाठीवर दोन जोरात एक हळू, आणि छकुली ताईच्याच अंगावर झोपली ती थेट मथुरेपर्यंत. नको होती म्हणे.

अमेरिकेत दत्तक घेणाऱ्यांना हेगच्या (परदेशी दत्तकाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) नियमांप्रमाणे किमान दहा तासांचं ट्रेनिंग घ्यावं लागतं. जीजाजींकडे सर्टिफिकेट आहे, लॅमिनेट केलेलं. दहा तासांत अटॅचमेंट आलं, चमचा नाही आला.

म्हणून तुमच्या यादीत पहिली गोष्ट ही टाका: बाळाला सांभाळणाऱ्या बाईजवळ एक अख्खा दिवस. वकील, एजन्सी, सोशल वर्कर कागद बरोबर सांगतील, पण बाळ काय खातं, कशावर झोपतं, कधी शी करतं हे फक्त त्या बाईला माहीत असतं आणि तिला कोणी विचारत नाही. व्हिडिओ काढा तिचा, दूध बनवताना, झोपवताना. बाटली, दुपटं, झबलं जे देतील ते घ्या आणि दुपटं धुऊ नका, वास राहू द्या. पावडरचा ब्रँड प्रवासात अजिबात बदलू नका, घरी पोचून आठ-दहा दिवसांनी हळूहळू बदला, आणि तेव्हा चमचा उलटा चुकवू नका, कारण अमेरिकन चमच्याने 30 मिलीला एक टाकलात तर दूध दुप्पट दाट होईल आणि तेही वाईटच. चमचा ज्या डब्याचा त्याच डब्यात राहू द्या, एवढंच.

बाकी जे विचारलंत ते पटापट सांगतो. विमानाचं बाळाचं तिकीट पासपोर्ट आल्याशिवाय काढू नका, नाव अक्षरन् अक्षर जुळायला लागतं आणि आपल्याकडे मधलं नाव कुठल्या खान्यात पडेल ते पडल्यावरच कळतं. तुमचं परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्या, दोनशे डॉलर जास्त गेले तरी. सुट्टी किती, ह्याचा आकडा मी देणार नाही. व्हिसा हातात पडेपर्यंतचे दिवस तुमच्या हातात नसतात, ऑफिसला "परत आल्यावर सांगतो" सांगता येत असेल तर तेच सांगा. दिल्लीत एम्बसीच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडेच मेडिकल होते, लसीचं मूळ कार्ड न्या, आणि राहिलेल्या लसी तिथे घाईघाईने टोचून घेऊ नका, दहा वर्षांपर्यंतच्या दत्तक मुलांसाठी "तिकडे गेल्यावर देऊ" असं ॲफिडेव्हिट चालतं. बीसीजीचा दंडावरचा व्रण तिकडच्या डॉक्टरांना नवीन असतो, त्याबद्दल आधीच सांगून ठेवा. बाळाचा पासपोर्ट भारतीय आणि तुमचा अमेरिकन, त्यामुळे मध्ये तिसऱ्या देशात विमान बदलणार असाल तर ट्रान्झिटचे नियम बाळासाठी वेगळे तपासा, दिल्ली-नेवार्क थेट विमान मिळालं तर तेच घ्या. बॅसिनेट (विमानात बाळाला झोपवायची छोटी खाट) पाहिजे तर एअरलाईनला फोन करून आधी मागावं लागतं आणि त्याला वजनाची मर्यादा असते, दहा महिन्यांची गुटगुटीत पोरगी मावेलच असं नाही. हातातल्या बॅगेतल्या पातळ पदार्थांचा शंभर मिलीचा नियम बाळाच्या दुधाला लावत नाहीत, सिक्युरिटीला पुढे होऊन सांगा. विमान उतरताना बाटली तोंडात असू द्या, कानासाठी. एम्बसीने सीलबंद पाकीट दिलं तर ते फोडू नका आणि चेक-इन बॅगेत टाकू नका. अमेरिकेत पहिल्या एअरपोर्टवर इमिग्रेशनला वेगळ्या खोलीत बसवतात, वेळ जातो, पुढचं कनेक्शन तासाभराचं ठेवू नका. आणि न्यायला येणाऱ्याला कार सीट आणायला सांगा, नाहीतर तुम्ही पार्किंगमध्येच बसाल.

नातेवाईकांना दोन्हीकडच्या एअरपोर्टवर येऊ देऊ नका. बारसं नंतर करा. ह्यावर माझं आईशीही भांडण झालंय, पण ते वेगळं.

आता प्रामाणिकपणे. एक, मी डॉक्टर नाही, दुधाचं प्रमाण तुमच्या डब्यावर जे छापलंय तेच खरं, माझं नाही. दोन, प्रत्येक संस्था आयाजवळ दिवसभर बसू देईलच असं नाही, काही ठिकाणी वेळ ठरलेली असते, तर तेवढ्या वेळात बसा, पण फाईलजवळ नाही, बाईजवळ. आणि तीन, हे लिहायचं नव्हतं पण ही मागे उभी राहून वाचतेय म्हणून लिहितो: ट्रेनचा हट्ट माझा होता. जीजाजींनी इंदूर-दिल्ली विमानाची तिकिटं शोधून ठेवली होती, दीड तासाचा प्रवास, मीच म्हटलं की डिसेंबरात दिल्लीला धुकं असतं, विमान रद्द होईल, कान दुखतील, ट्रेनच बरी. आमची गाडी धुक्यामुळे साडेतीन तास लेट झाली आणि त्या दिवशीचं विमान वेळेवर पोचलं होतं, जीजाजींनी चेक करून मला स्क्रीनशॉट पाठवला. तर जानेवारीत ट्रेनने जाऊ नका. पण विमानाने गेले असते तरी दिल्लीच्या हॉटेलात रात्री तेच तीन चमचे पडले असते, आणि तिथे मथुरेच्या आजी नसत्या.

फॅमिली ग्रुपवर जीजाजी अजून म्हणतात की त्या रात्री रडण्याचं कारण ट्रेनच होती. छकुली आता जर्सीत तिच्या खोलीत दिवा लावून झोपते, अंधारासाठी आणलेले काळे पडदे परत केले. जीजाजी, हे उत्तर मी तुम्हाला पाठवणारच आहे, 180 ला 30 ने भागा.