पिंपळावरचा मुंजा की मुंज्या?

प्रश्न असा आला आहे: मुंज लागली की घरातले त्या मुलाला कौतुकाने 'मुंज्या' म्हणतात. मग पिंपळावरच्या भुतालाही तेच नाव कसे? 'मुंजा' हा शब्द वेगळा आहे का? आणि जमल्यास समंध, जखीण यांचेही सांगा.

शब्द एकच. मुंज हे मुळात एक गवत. त्याची तिपेडी दोरी बटूच्या कमरेला बांधायची, ती मौंजी. मनुस्मृतीने ब्राह्मणाची मेखला मुंजाची, क्षत्रियाची मूर्वेची आणि वैश्याची तागाची सांगितली आहे. मराठीत मात्र गवताचे नाव सबंध विधीलाच चिकटले आणि मौंजीबंधनाची 'मुंज' झाली. ढेरी असलेला तो ढेऱ्या, तसा मुंज झालेला तो मुंज्या. इथवर भुताचा पत्ता नाही.

भूत कळायला सोडमुंज आठवावी लागते. बांधलेली मेखला विद्या पुरी झाल्यावर सोडायची, आणि मग गृहस्थाश्रम. आता आपण ती लग्नाच्या तोंडावर उरकून टाकतो, म्हणून तिचे महत्त्व जाणवत नाही. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो मुंजा. कुठलाही अविवाहित मेला की मुंजा होतो असे सरसकट सांगतात, ते ढिले आहे. कमरेची दोरी सुटायची राहिली, हे या नावाचे मर्म.

'मुंजा' आणि 'मुंज्या' यांचा घोळ मला तरी व्याकरणाचाही वाटतो. घोडा-घोड्याला, तसे मुंजा-मुंज्याला. 'मुंज्याचा पार' ऐकून मूळ नाव 'मुंजा' की 'मुंज्या' हे कोण सांगणार? विभक्ती लागली की दोघे एकच होतात. भुतासाठी मी 'मुंजा' लिहितो, कारण आदरार्थी 'बा' त्यालाच लागतो: मुंजाबा. पुण्यात मुंजाबाचा बोळ आहे. भूत म्हणून भ्यायचे आणि देव म्हणून शेंदूर लावायचा, दोन्ही आपल्याला जमते.

पिंपळच का? या झाडाचीही मुंज करतात! अश्वत्थोपनयन असा रीतसर विधी आहे. बटूच्या भुताला बटूच झाड मिळाले, एवढे तरी म्हणता येते. शिवाय अमरकोशात पिंपळाचे एक नाव 'चलदल' आहे, म्हणजे हलत्या पानांचा. लांब देठामुळे वारा नसल्यासारखा असतानाही पाने सळसळतात. रात्री पाराजवळून एकट्याने गेलेल्याला याहून जास्त पुरावा लागत नाही.

समंध म्हणजे 'संबंध'च. 'तुझा काय समंध?' असे आजही बोलण्यात येते. जमीन, पैसा, घर यांच्याशी ज्याचा संबंध मेल्यावरही तुटला नाही तो समंध. मुंज्याची दोरी सुटलेली नसते, याचा बंध तुटलेला नसतो. दोन्ही नावांत गाठ आहे, ही गंमत लिहिता लिहिताच लक्षात आली.

जखीण मात्र मेलेल्या माणसाची नव्हे, निदान मुळात तरी नाही. ती यक्षिणी. 'य'चा 'ज' (यात्रा-जत्रा) आणि 'क्ष'चा 'ख', म्हणून प्राकृतात जक्खिणी, मराठीत जखीण. यक्ष-यक्षिणी झाडांत राहणाऱ्या देवता, धनाच्या आणि संततीच्या. भरहूतच्या स्तूपाच्या कठड्यावर अशी एक यक्षी हातापायांनी झाडाला वेढा घालून उभी आहे, आणि तिच्या शेजारी ब्राह्मीत नाव कोरले आहे: 'चदा यखि', म्हणजे चंद्रा यक्षी. 'क्ष'चा 'ख' तिथेच, दोन हजार वर्षांपूर्वी, होऊन गेलेला दिसतो. 'य' तेवढा 'ज' व्हायचा राहिला होता.